झाडं का मरतात हो? कुंडीतल्या झाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी काही शेतकी कॉलेजात शिकलेली नाही. पुण्यात चौथ्या मजल्यावर पश्चिमेची एक बाल्कनी, वर गच्चीचा एक कोपरा आणि गेल्या काही वर्षांत मी स्वतः मारलेल्या झाडांची भलीमोठी यादी, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण लोक लिफ्टमधे गाठून विचारतात, आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

माझ्या हाताला गुणच नाही, कुठलंच झाड जगत नाही. सोडून देऊ का हा नाद?

हाताला गुण वगैरे काही नसतं हो. ज्यांची झाडं मरतात त्यातले निम्म्याहून जास्त लोक भयंकर प्रेमळ असतात हे मी बघितलंय, म्हणजे सकाळी एक तांब्या, ऑफिसातून आल्यावर एक तांब्या, आणि रात्री परत वाटलं माती कोरडी दिसतेय तर अजून थोडं. मुळांना पाणी लागतं तशी हवापण लागते, मातीतल्या बारीक फटींमधे ती असते, तिथे कायम पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. दुर्लक्षाने मरणारी झाडं त्यामानाने कमी, आणि तीही बहुतेक मे महिन्यात.

मग पाणी रोज घालायचं की नाही?

याला रोज किंवा दिवसाआड असं उत्तरच नाहीये. बोट दोन पेरं मातीत खुपसा, आत ओलं लागलं तर आज सुट्टी. लहान कुंडी असेल तर उचलून बघा, आठवड्याभरात हाताला वजनाचा अंदाज येतो. घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, रोज वरवर शिंपडायचं आणि आत मुळं कोरडी असं नको. आणि खालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या, डासांसाठी तरी.

यात एक मोठी फसवणूक आहे ती लक्षात ठेवा. पाणी कमी पडलं तरी पानं माना टाकतात आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी पानं माना टाकतात, कारण कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. दिसायला दोन्ही सेम. मग आपण काय करतो, अरे बिचारं तहानलंय म्हणून आणखी एक बादली. म्हणून झाड मलूल दिसलं की आधी माती बघायची. आणि दुपारी दोनला मलूल दिसणारं झाड संध्याकाळी सहाला परत बघा, बऱ्याचदा ते आपलं आपण सावरलेलं असतं.

तुळस. दर वर्षी नवीन आणतो, दर वर्षी जाते. घरात काही वाईट होणार असेल का?

नाही होणार. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तोही जरा हळू आवाजात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुळस काही वडपिंपळ नाही, कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षं नीट जगली तरी खूप झालं. मंजिऱ्या आल्या, बी धरलं की तिच्या दृष्टीने तिचं काम झालेलं असतं आणि ती पानं गाळायला लागते. त्यामुळे मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत राहायच्या, वरची दोन पानंही सोबत खुडली तर खालून फांद्या फुटून झुडूप भरगच्च होतं. आमच्या सासूबाई मंजिऱ्या खुडू द्यायच्या नाहीत, मग आमचं असं ठरलं की खुडलेल्या देवाला वाहायच्या. दोघी खूश, तुळसही खूश.

दुसरं म्हणजे पूजा. घरात चार माणसं असतील तर चौघं आंघोळ करून येऊन एकेक तांब्या पाणी घालतात, वर हळदकुंकू, अक्षता, कधी दूध, आणि संध्याकाळी खोडाला चिकटून पेटता दिवा. झाड म्हणून विचार करा ना जरा! दुधाने मातीवर बुरशी येते आणि चिलटं होतात, दिव्याच्या धगीने खालची पानं करपतात. त्यात ते सुंदर सिरॅमिकचं किंवा संगमरवरी वृंदावन, ज्याला बऱ्याचदा खाली भोकच नसतं. मी सांगते तो उपाय असा, एक तुळस पूजेची आणि दोन बाहेर उन्हात साध्या कुंडीत. पूजेच्या तुळशीला चमचाभर पाणी आणि दिवा वीतभर लांब. ती थकली की उन्हातलीशी अदलाबदल.

तिसरं थंडी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की तुळस काळपट, रुक्ष दिसायला लागते. तेव्हा खत नको, पाणी कमी, आणि भिंतीच्या आडोशाला पण उन्हात ठेवा. फेब्रुवारीत खालच्या गाठींना कोंब येतात का बघा. आणि काहीही झालं तरी पिकलेल्या मंजिऱ्या हाताने चोळून शेजारच्या कुंडीत टाकून ठेवा, पहिल्या पावसात इतकी रोपं येतात की वाटायला माणसं कमी पडतात.

पानं वळून त्यांच्या मागे बारीक काळे किडे आणि काळे ठिपके दिसत असतील तर ती कीड आहे. ती पानं काढून टाका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा नीमतेल. फवारल्यावर काही दिवस त्या तुळशीची पानं चहात घालू नका, एवढं तरी ऐका.

गुलाब आणला तेव्हा दहा फुलं होती, महिन्यात नुसत्या काड्या उरल्या. नर्सरीवाल्याने फसवलं का?

फसवलं असं नाही म्हणणार मी. पण ते झाड नर्सरीत दिवसभर मोकळ्या उन्हात, रोजच्या खतपाण्यावर वाढलेलं असतं, पुणे-सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांतून किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून टेम्पोत बसून आलेलं असतं, आणि आपण ते आणतो टीव्हीशेजारी. धक्का बसणारच की.

दुसरी गोष्ट मातीचा गोळा. बऱ्याच गुलाबांच्या मुळांशी घट्ट लाल चिकण मातीचा गोळा असतो, वाहतुकीत हलू नये म्हणून. तो तसाच भुसभुशीत खतमातीत ठेवला की दोन्ही मातींचं जमत नाही, बाहेरचं पाणी गोळ्याला वळसा घालून निघून जातं आणि आत ठणठणीत कोरडं, किंवा उलट गोळा आठवडाभर ओलाच. मी अख्खा गोळा कधी फोडत नाही, मुळं तुटतात. गोळा थोडा वेळ बादलीत भिजवायचा आणि बाहेरची कडा बोटांनी हलके सैल करायची, मग लावायचा. लावताना डोळा भरलेली जागा, म्हणजे खोडावरची ती फुगीर गाठ, मातीच्या वर राहिली पाहिजे.

आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाई नको. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन मिळेल तिथे आहे त्या पिशवीत राहू दे, आहेत ती फुलं आणि कळ्या कापून टाका (जीवावर येतं, माहितीये), मग लावा. खत नवीन फुटवे आल्यावरच. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर गुलाब आणूच नका, मी स्पष्टच सांगते, नंतर मला फोटो पाठवून काही होत नाही.

फांदी टोकाकडून काळी पडत खाली उतरत असेल तर तो डायबॅक. थांबून बघत बसायचं नाही, काळ्याच्या खाली हिरव्या भागात दोन इंच येऊन तिरका काप घ्यायचा, सिकेटर (छाटणीची कात्री) आधी आणि नंतर स्पिरिटने पुसायचा, आणि कापावर कॉपरच्या बुरशीनाशकाची पेस्ट लावायची. बऱ्याच जणी हळद लावतात. मीही लावते, नसली पेस्ट की.

मोठी छाटणी पुण्याकडे पाऊस गेल्यावर, साधारण ऑक्टोबरात, दसरा झाला की. भर पावसाळ्यात छाटलेल्या जागी बुरशी शिरते.

माझा गुलाब तर जोरात वाढतोय, सहा फूट झाला, पण फूलच नाही!

खाली वाकून बघा हो. तो जोमदार फुटवा गाठीच्या खालून आला असेल तर तो तुमचा गुलाब नव्हेच, ज्या जंगली खुंटावर कलम केलं होतं तो खुंट आहे. सगळं अन्न तो खातो आणि वरचा खरा गुलाब उपाशी मरतो. जिथून निघालाय तिथूनच उपटून काढा, वरवर कापलात तर दुप्पट येईल.

कढीपत्ता वीतभरच राहिलाय दोन वर्षं. ताक घालू का?

कढीपत्ता पहिलं वर्ष-दीड वर्ष रुसलेलाच असतो, मुळं बसेपर्यंत वर काही दाखवत नाही. त्याला मोठी कुंडी लागते, बारा इंच तरी, आणि कडक ऊन. हिवाळ्यात पानं पिवळी होऊन गळतात, तेव्हा घाबरून कुंडी बदलू नका, फेब्रुवारीनंतर फुटतो तो. आंबट ताक बऱ्याच घरांत घालतात, महिन्यातून एकदा वाटीभर ताकात सातआठ पट पाणी मिसळून घातलंत तर बिघडत काही नाही, पण ताक म्हणजे काही खत नव्हे, त्याने शेणखताचं काम होणार नाही.

आणि फोडणीला लागली म्हणून चार पानं ओरबाडू नका. पूर्ण डहाळी कापा, त्याखालून दोन फुटतात. शेजारणीच्या झाडाखालून उपटून आणलेलं पिल्लू बहुतेक मरतं, कारण ते आईच्या मुळावरच जगत असतं, स्वतःची मुळं नसल्यातच जमा. आणायचंच तर पावसाळ्यात आणा, मातीसकट, आणि निम्मी पानं काढून.

कढीपत्त्यावर पक्ष्यांची शी पडल्यासारखं काहीतरी आहे आणि पानं गायब होतायत?

ती शी नाही, ती अळी आहे! लिंबू आणि कढीपत्त्यावर काही फुलपाखरं अंडी घालतात, त्यांच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन याच घराण्यातलं, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. झाड मोठं असेल तर मी दोन-चार राहू देते. रोप लहान असेल तर उचलून बिल्डिंगमागच्या लिंबावर नेऊन सोडते, मुलं हसतात मला.

मोगऱ्याला नुसती पानं आहेत, आणि मग तीही वाळायला लागली.

मोगरा सावलीत जगतो पण फुलत नाही. फूल येतं नव्या फुटीवर, म्हणून छाटणी हवीच. डिसेंबरात पाणी हळूहळू कमी करायचं म्हणजे झाडाला थोडा ताण बसतो, जानेवारीत वाळक्या, वेड्यावाकड्या फांद्या कापून उरलेलं झाड निम्म्यावर आणायचं, पानं काढून टाकायची, वरची माती खुरप्याने हलवून चांगलं दोन मूठ शेणखत घालायचं आणि परत पाणी सुरू. मार्चपासून कळ्या. शेतातसुद्धा असंच ताण देऊन आणि छाटूनच बहर धरतात. ज्यांना कापायला भीती वाटते त्यांचा मोगरा तीन वर्षांत नुसता झाडूसारखा होतो, खाली लाकूड आणि वर चार पानं.

माहेरी रत्नागिरीला अनंत अंगणात कुणी न बघता वाढतो, इथे पुण्यात तिसऱ्यांदा मेला. काय चुकतंय?

तुमचं काही नाही चुकत, माती चुकते. कोकणातली लाल जांभ्याची माती आम्लधर्मी असते, अनंताला तीच हवी. घाटावरची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी, आणि वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असतं पण झाडाला ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या येतात आणि न उमलताच गळतात, आणि एक दिवस संपतं. सोनचाफ्याचंही थोडंफार असंच होतं.

कुंडीत काळी माती अजिबात घालू नका. लाल माती, भरपूर कुजलेला पालापाचोळा, थोडं कोकोपीट. पावसाचं पाणी साठवून घाला, एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं कारण त्यात क्षार नसतात. पानं पिवळी पडलीच तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात पानांवर फवारा, आठवड्या-दोन आठवड्यांत नवी पालवी हिरवी येते. आणि कळ्या धरल्यावर कुंडी इकडून तिकडे हलवू नका, फार मानी झाड आहे ते. एवढं करूनही माझा एक अनंत गेला. दुसरा मात्र मेमधे फुलतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवून विचारतात, फुललाय ना?

जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. आधी मुंग्या बघा, त्या ढेकणांचा गोड चिकटा खायला येतात आणि त्यांची राखण करतात, त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय हे जात नाही. जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, बाकीचं जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, संध्याकाळी फवारायचं, दर आठवड्याला, किमान तीनदा. एकदाच फवारून "काही उपयोग नाही हो" म्हणणारे लोक मला रोज भेटतात.

शेवंती दिवाळीत आणली, फुलं संपली आणि मेली.

मेली नसेल. फुलं झाल्यावर ती अशीच वाळकी दिसते, चार इंचावर कापा, बुडातून नवे कोंब येतील. रात्री मोठ्या झाल्या की ती फुलते, त्यामुळे बाल्कनीत रात्रभर ट्यूबलाइट किंवा समोर रस्त्याचा दिवा असेल तर पुढच्या वर्षी नुसतीच वाढत राहील आणि कळी धरणार नाही.

कोथिंबीर आणि पुदिना?

धणे अख्खे पेरू नका, लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि थेट पेरा, उगवायला आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. एप्रिल-मेमधे नाद करू नका, बोटभर वाढून फुलावरच येते. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायच्या. तो उलट आहे सगळ्यांच्या, त्याला ओल आवडते आणि दुपारची सावली. पुदिना मेला असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक तो मेमधे गच्चीत ठेवलेला असतो.

लव्हेंडर, रोझमेरी?

भूमध्य समुद्राकाठची झाडं आहेत ही, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, वर ती चिकचिक, बुडापासून कुजतात. हिवाळ्यात आणा, वास घ्या, फेब्रुवारीत काढलेले फोटो जपून ठेवा. लव्हेंडरवर मी परत पैसे घालणार नाही. रोझमेरी पुण्यात, वाळू मिसळलेल्या मातीत, पत्र्याखाली ठेवली तर निभावते, इथे पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो म्हणून.

अडेनियमचं खोड मऊ लागतंय.

जूनच्या आधीच पावसापासून आडोशाला न्यायला हवं होतं. काढा कुंडीतून, सडलेला भाग पांढरा स्वच्छ गर दिसेपर्यंत कापा, आठवडाभर सावलीत उघडं वाळू द्या, मग जवळजवळ कोरड्या वाळूमिश्रित मातीत ठेवा. वाचेलच असं नाही.

घरातली झाडं? स्नेक प्लांट, झेडझेड तर मरत नाहीत म्हणे.

मरतात, दर रविवारी पाणी घातलं की मरतात. झेडझेडच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात साठा असतो, तीन आठवडे विसरलात तरी चालेल. विसरभोळ्या माणसाने हीच घ्यावीत आणि प्रेमळ माणसाने पुदिना.

चहापत्ती, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, आरओचं पाणी...

चहापत्ती साखर-दुधाची असेल तर धुऊन आणि वाळवून. टरफलं कुजायला फार वेळ घेतात, मिक्सरमधून भुगा करा. केळ्याची सालं तशीच मातीत पुरली की चिलटं, आधी कंपोस्ट करा. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, एरिका पामची टोकं करपतात ती बऱ्याचदा यानेच. त्याने फरशी पुसा.

आम्ही अमेरिकेत आहोत, तुळस आणि कढीपत्ता थंडीत हमखास जातात.

रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जायला लागलं की आत घ्या, बर्फाची वाट बघू नका. आत आणायच्या आधी पानांच्या मागे किडी बघून धुऊन घ्या, दक्षिणेची खिडकी नाहीतर ग्रो लाइट, आणि हीटरच्या झोतात ठेवू नका. कढीपत्ता सगळी पानं गाळेल, त्याला झोपू द्या, पाणी अगदी बेताचं, वसंतात फुटेल. आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोप नेताना नियम बघा, कढीपत्त्यावर एक बारीक किडा येतो जो संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग रोग पसरवतो, म्हणून जिथे त्या बागा आहेत तिथे बंधनं आहेत. तुळशीचं बी मात्र दर वर्षी धरून ठेवा, मार्चमधे घरातच पेरायला.

पंधरा दिवस गावाला जातोय, काय करू?

सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकांना चिकटवून ठेवा, मातीवर नारळाच्या शेंड्या नाहीतर वाळका पाला पसरा. मधे उंचावर पाण्याची बादली आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरी, बादलीतलं टोक तळाला आणि दुसरं मातीत चार इंच खोल. निघायच्या आधी दोन दिवस ट्रायल घ्या. आणि शेजारच्यांना किल्ली दिलीत तर "रोज घाला" सांगू नका, चिठ्ठीवर वार लिहून द्या, आमची तीन झाडं शेजारच्या काकांनी अतिशय जबाबदारीने बुडवली आहेत.

झाड खरंच मेलंय हे कसं ओळखायचं?

नखाने खोड खरवडा. आत हिरवं आणि ओलसर तर जिवंत आहे, तपकिरी कोरडं लागलं तर थोडं खाली येऊन परत खरवडा, असं बुडापर्यंत. हिरवं सापडेल त्याच्या वर कापा, सावलीत ठेवा, पाणी बेताचं, खत शून्य. गुलाब-जास्वंदीला महिनाभर द्या, कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला पावसाळा सुरू होईपर्यंत. मी एक मोगरा न खरवडता कुंडीसकट खाली कचऱ्याशेजारी ठेवला होता, वॉचमन काकांनी तो उचलून गेटपाशी लावला, आता दर एप्रिलला मीच त्यांच्याकडे गजऱ्यापुरती फुलं मागते.